चांदीच्या पाच पट्ट्या

पायात खिळा घेऊन बाबा म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात दिवसभर हिंडले आणि त्यांना त्याचा पत्ताच नव्हता.

मे महिना होता. पावसाळ्याची बेगमी, जिला आमच्याकडे पुरुमेंत म्हणतात, ती भरायला ते आणि आई सकाळच्या बसने पार्स्याहून निघाले. सुक्या मिरच्या, सुकी सुंगटं म्हणजे कोळंबी, लसणीच्या माळा, कोकमाच्या आगळाच्या बाटल्या. आई मिरच्या हुंगून हुंगून घेते, त्यामुळे बाजार तिच्या मनासारखा होईस्तोवर दुपार टळते. तोवर बाबा पिशव्या बसस्टँडवर नेऊन ठेवत होते आणि परत येत होते. दोघं घरी आली तेव्हा मी पडवीत बसले होते. आईने पिशव्या खाली ठेवून मागे बघितलं, तर दारापासून आतपर्यंत लाल ठसे. एकाच पायाचे. तिला वाटलं आगळाची बाटली फुटली. बाबाही वाकून पिशवीत बाटली चाचपायला लागले. मग माझं लक्ष त्यांच्या चपलेकडे गेलं. मी ती काढायला ओढली तर चपलेबरोबर पायही वर आला, कारण दोन्ही एकाच खिळ्यात अडकले होते.

मी किंचाळले. बाबा माझ्याकडे असे बघत राहिले, जणू मलाच काहीतरी झालंय.

"दुखत नाय गो," ते म्हणाले. "खराच, कायच दुखत नाय."

त्या शब्दांनी मी जास्त हादरले. त्यांचा मधुमेह जुना. पायांतली जाणीव हळूहळू जाते, माणसाला काही रुतलं तरी कळत नाही, हे मी पुस्तकांत वाचलं होतं, परीक्षेत लिहिलं होतं, सेमिनारमध्ये मोठ्या पडद्यावर चित्रं दाखवून सांगितलंही होतं. पण आपल्या बापाच्या तळपायातून खिळा उपटताना तो बाप शांतपणे "आगळ सांडला नाय मगे?" असं विचारतोय, हे बघायची तयारी कुठल्या पुस्तकाने केलेली नसते.

आणि मी कोण? तर जखमेवर बांधायच्या कापडावर संशोधन करणारी विद्यार्थिनी. पीएचडीचं चौथं वर्ष. हसू येण्यासारखंच होतं, फक्त त्या दिवशी कोणाला आलं नाही.

माझं काम थोडक्यात असं. चांदी जंतूंना मारते. चांदीचे इतके बारीक कण करायचे की साध्या सूक्ष्मदर्शकाखालीही ते दिसत नाहीत. ते कण सुती कापडावर बसवायचे, म्हणजे जखमेवर बांधलं की कापडातून चांदी थोडी थोडी सुटत राहते आणि जंतूंना वाढू देत नाही. कण तयार करायला मी काजूच्या पानांचा काढा वापरायची. पानं आमच्याच बागेतली, बाबा टेकडीवर जाऊन खुडून आणायचे. काढा चांदीच्या क्षारात ओतला की स्वच्छ पाण्यासारखं द्रावण पिवळं होतं, मग तांबूस. तो रंग आला की समजायचं, कण झाले. मग ते कापडाला चिकटून राहावेत म्हणून सुंगटांच्या सालींपासून काढलेल्या कायटोसान नावाच्या पदार्थाचा थर द्यायचा. हा पदार्थ नुसत्या पाण्यात विरघळत नाही, आंबट पाण्यात विरघळतो. हे वाक्य मी शंभरदा लिहिलं असेल. ते नीट वाचलं एकदाही नव्हतं, असं आता म्हणावं लागतं.

तयार झालेली पट्टी कोऱ्या चहाच्या रंगाची दिसायची, फिकट. बशीत जंतूंची साय धरलेली असायची, तीत पट्टीचा तुकडा ठेवला की दुसऱ्या दिवशी त्याच्याभोवती स्वच्छ रिकामं कडं पडलेलं दिसायचं. ते कडं बघायला मी सकाळी सगळ्यांच्या आधी जायची. एकच भानगड होती. पट्टी चाचणीत दोन दिवस राहिली की काळी पडायची. आमच्या मॅडम, म्हणजे माझ्या मार्गदर्शक, दर बैठकीत तेच म्हणायच्या, "गुण चांगला आहे गं, पण काळं फडकं कोण बांधून घेणार?" त्यावर मी नवीन थर शोधला होता. तो काळा पडत नाही असं मला वाटत होतं. म्हणजे खात्री नव्हती, पण वाटत मात्र भयंकर होतं.

मॅडमचा एक नियम होता आणि तो दारावर लिहिलेला होता. प्रयोगशाळेतलं काहीही माणसाच्या अंगाला लावायचं नाही. आधी पेशींवर चाचणी, मग प्राण्यांवर, मग समितीची परवानगी, मग माणूस. चांदी जास्त झाली तर जंतूंबरोबर आपल्या कातडीच्या पेशीही मरतात. हेही मी शंभरदा लिहिलं होतं.

बाबांची जखम जूनभर भरली नाही. तालुक्याच्या आरोग्यकेंद्रात रोज पट्टी बदलायला जायचे, तिथली सिस्टर मनापासून करायची, पण जखमेच्या कडा पांढुरक्या राहायच्या आणि मधला खड्डा ओला. शेवटी शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात नेलं. डॉक्टर म्हणाले, आणखी काही आठवड्यांत भरायला लागली नाही तर बोटं काढावी लागतील, कदाचित त्याहून जास्त.

बाबा हे ऐकून घरी आले आणि जेवले नाहीत. त्यांची बाग टेकडीच्या उतारावर आहे. पायऱ्या नाहीत, नुसती वाट, तीही मुळांतून आणि दगडांतून. पाय नसेल तर बाग नाही आणि बाग नसेल तर त्या माणसाने दिवसभर करायचं काय? बागेतल्या झाडांशी ते जेवढं बोलतात तेवढं आमच्याशी बोलत नाहीत.

मी पाच पट्ट्या चोरल्या, दोन जुन्या थराच्या, तीन नव्या. जेवणाच्या डब्यात घालून आणल्या.

एक गोष्ट आधीच कबूल करते, कारण ती सांगितली नाही तर पुढचं सगळं उगाच उदात्त वाटेल. चांदीची तयार ड्रेसिंग औषधांच्या दुकानात मिळतात. डॉक्टरांना विचारलं असतं तर त्यांनी लिहूनही दिली असती. मी विचारलं नाही. मला माझीच बांधायची होती. बाबांचा पाय वाचवायचा होता, हे खरं आहे, पण तो माझ्याच कापडाने वाचवायचा होता, हेही तितकंच खरं आहे.

आईबाबांना समोर बसवून मी समजावलं. ह्यात चांदी आहे. एकदा बांधली की तीन दिवस सोडायची नाही. बांधलेली असताना ओली करायची नाही. तीन दिवसांनी सोडायची, जखम सलाइनने धुवायची आणि दुसरी बांधायची. कुणाला सांगायचं नाही, कारण मी विचारून आणलेलं नाही. आरोग्यकेंद्रातल्या सिस्टरला काय सांगायचं तेही मीच पढवलं, की आता शहरात दाखवतो.

"चांदयेचो पाय!" बाबा म्हणाले. "लोक देवाक नवसाचे चांदयेचे पाय व्हायतत. माका जितेपणीच मिळालो." कित्येक दिवसांनी ते हसले होते. आई मात्र पट्टी उजेडात धरून दोन्ही बाजूंनी बघत होती. "खरीच चांदी गो हातूंत?" तिने विचारलं. मी अभिमानाने म्हटलं, "खरीच."

पहिली पट्टी, जुन्या थराची, मी बांधली. तीन दिवसांनी सोडली तर काळपट झालेली, पण जखमेच्या कडेला गुलाबी रेघ. दुसरीही जुनीच, तीही मीच बांधली. खड्डा कोरडा दिसायला लागला. मला नाचावंसं वाटत होतं. मी फोटो काढला आणि मग घाबरून पुसून टाकला. त्या आठवड्यात माझ्याइतकी खूश बाई पेडणे तालुक्यात नसेल.

मग मला शहरात राहणं भाग पडलं. प्रयोगशाळेत नवं यंत्र आलं होतं, त्यावर आमची पाळी लागली होती, आणि त्यातच एक परिषद. तीन आठवड्यांहून जास्त दिवस घरी जाता आलं नाही. मी आईला रोज फोन करायची.

"जखम कशी आसा?"

"बरी आसा गो. तूं जेवलीं?"

"पट्टी काळी पडता?"

"काळी? ना गो. धवी फुल्ल आसा. नवी कशी."

धवी म्हणजे पांढरी. पांढरीशुभ्र, नव्यासारखी. मी फोन ठेवला आणि हॉस्टेलच्या जिन्यावर तशीच उभी राहिले. माझा नवा थर काळा पडत नव्हता! चार वर्षं जे जमत नव्हतं ते बाबांच्या पायावर जमलं होतं. दुसऱ्या दिवशी मला राहवेना. मी मॅडमना म्हटलं, नवीन थर काळा पडत नाही असा माझा अंदाज आहे. त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "अंदाज? कशावरून?" मी काहीतरी गोलमाल उत्तर दिलं.

आता हे लिहिताना स्वतःच्या दोन कानाखाली वाजवाव्याशा वाटतात. माझी पट्टी पांढरी कधीच नव्हती. ती कोऱ्या चहाच्या रंगाची होती, आणि तो रंग म्हणजेच चांदी. "पांढरी" हा शब्द ऐकताच कुठल्याही पहिल्या वर्षाच्या पोराला कळलं असतं की चांदी गेली. मला फक्त "काळी नाही" एवढंच ऐकू आलं. आणि दुसरं. मी पाच पट्ट्या दिल्या होत्या, त्यांतल्या दोन मीच वापरल्या होत्या. उरल्या तीन, म्हणजे नऊ दिवसांच्या. तीन आठवडे होऊन गेले, आई एकदाही म्हणाली नाही की पट्ट्या संपल्या, आणखी आण. प्रयोगशाळेत मी मिलिग्रॅमचे हिशेब करते. हा हिशेब मी केला नाही.

घरी गेले ती गणेश चवथीच्या चार दिवस आधी. पाऊस उघडला होता, लख्ख ऊन होतं. कुंपणाच्या गडग्याकडून आत शिरले तर वळीवर, कपड्यांच्या दोरीवर, टॉवेलांच्या मधोमध माझ्या पट्ट्या वाळत होत्या. चार, पाचवी बाबांच्या पायाला असणार. एकसारख्या, चिमटे लावून. पांढऱ्या.

खाली न्हाणीच्या दगडापाशी आई बसली होती. चवथीसाठी देवाची भांडी काढली होती. समई, निरांजन, ताम्हन, चांदीचं फुलपात्र. शेजारी सुपात बिंबलं. बिंबल म्हणजे बोटाएवढं हिरवं फळ, जीभ आखडेल इतकं आंबट. आमच्याकडे प्रत्येक परसात एक तरी झाड असतं, आमटीला थोडी लागतात आणि बाकीची भांडी घासायला. आई साखळी गावची. तिचे वडील खाणीवर कामाला होते. त्यांचे कपडे लाल मातीने माखून यायचे आणि तो डाग कुठल्याही साबणाने जायचा नाही, बिंबलाच्या रसाने जायचा. लहानपणापासून तिने तेच केलेलं. धातू काळा पडला की बिंबल. कापडाला डाग पडला की बिंबल. इथे तर दोन्ही एकाच जागी होतं, चांदीही आणि कापडही.

मला कळलं. विचारायच्या आधीच कळलं आणि तरीही मी विचारलं.

"आई, हें कितें?"

"तुज्यो पट्ट्यो." ती समई घासतच बोलत होती. "काळ्यो पडिल्ल्यो. घासल्यो आनी सुकत घातल्यो. पळय कश्यो धव्यो जाल्यात त्यो."

"किती वेळा घासल्या?"

"दर तीन दिसांनी. तूंच सांगिल्लें मगो, तीन दिसांनी सोड म्हूण."

मी दगडावर टेकले. "दुसरी बांध म्हणून सांगिल्लें, आई. जुनी उडोवपाची आसली."

"चांदी कोण उडयता गो?" ती खरोखर आश्चर्याने म्हणाली. मग आवाज उतरवून म्हणाली, "आनी तूं त्यो चोरून हाडिल्ल्यो. परत चोरूक पडूंक नाका म्हूण पुरवून पुरवून वापरल्यो हांवें."

मी तशीच उठून पडवीत गेले.

बाबा पडवीत खुर्चीत बसले होते, पाय स्टुलावर. मला बघून खूश झाले. त्यांचा पाय घोट्यापर्यंत सुजला होता आणि ते त्याला दमट हवेने सूज आली म्हणत होते. मी पट्टी सोडली. वास आला. तो वास मला प्रयोगशाळेतल्या बश्यांमुळे ओळखीचा होता, म्हणून तो घरात आल्यावर मला क्षणभर कळेचना की मी कुठे आहे. जखम पूर्वीपेक्षा मोठी होती आणि अंगठ्याचं टोक काळं.

"दुखता?" मी विचारलं.

"नाय," ते म्हणाले. "सांगतय मगो, कायच दुखत नाय."

दुखणार कसं? ज्या पायाला खिळा कळला नाही त्याला हे काय कळणार? आंबट रसाने माझा थर विरघळला, थराबरोबर चांदी गेली, उरलं ते विहिरीच्या पाण्यात धुतलेलं साधं कापड, आणि तेच तीन तीन दिवस बंद ठेवून बांधलेलं. तीन दिवस सोडायचं नाही, हे माझंच फर्मान. आईने ते तंतोतंत पाळलं होतं.

त्याच दुपारी गाडी करून हॉस्पिटलात गेलो. डॉक्टर तरुण होते, थकलेले होते. त्यांनी पाय सगळीकडून बघितला. मग विचारलं, "घायेक कितें लायिल्लें तुमी?"

मी सांगणार होते. खरंच सांगणार होते. मी श्वास घेतला होता, "सर" एवढं म्हटलंही होतं. तेवढ्यात बाबा माझ्या आधी बोलले.

"वखद लायललंय डॉक्टर. गावठी. झाडपाल्याचा. कोणाक इचारूक नाय."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. आयुष्यात त्या माणसाला मी खोटं बोलताना ऐकलं नव्हतं. शेजाऱ्याच्या गाईने आपलं शेत खाल्लं तरी "आमचीच वई मोडललीसा" म्हणत आपल्याच कुंपणाला दोष देणारा माणूस. तो इतक्या सफाईने खोटं बोलला की क्षणभर मलाच ते खरं वाटलं.

डॉक्टर भडकले. त्यांचं बरोबरच होतं. अजूनही लोक पाला बांधतात, मग शेवटच्या क्षणी आमच्याकडे येतात, मग आम्ही काय करायचं, असं बरंच बोलले. बाबा मान खाली घालून ऐकत होते, शाळेत उशिरा आलेल्या मुलासारखे. मग डॉक्टर माझ्याकडे वळले. "घरांत शिकिल्ली चली आसा आनी तुमी पालो बांदतात?" आणि मला विचारलं, तुम्ही काय करता?

"शिकते," मी म्हटलं.

काय शिकते, ते त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. त्यांनी केसपेपरवर लिहिलं की रुग्णाने गावठी औषध लावलं होतं. मी ते लिहिताना बघत होते. खरं काय ते कळल्याने उपचारांत फरक पडला असता का? मी तेव्हा मनात म्हटलं, नाही, आता जे करायचं ते करावंच लागणार. हे खरं होतं की मला सोयीचं होतं, ते माझं मलाच अजून ठरवता आलेलं नाही.

आई भिंतीला टेकून उभी होती. तिच्या बोटांना भांडी घासल्याचा काळा रंग तसाच होता. ती हात पदराखाली लपवत होती.

अंगठा आणि शेजारची दोन बोटं गेली.

वॉर्डमध्ये दोन दिवसांनी ते जरा बसायला लागले तेव्हा मी विचारलं, असं का सांगितलं. ते चहात पाव बुडवत होते. नीट बुडवून, खाऊन, मग बोलले. "माजो पाय गेलो तो गेलो. तुजा शिक्षण आनी कित्या घालवचा? माका अडाणी म्हणान डॉक्टर दोन शब्द बोललो, संपला. तुका बोललो असतो तर संपला नसता."

मला रडू फुटलं. ते म्हणाले, रडू नको, बाजूच्या खाटेवरचा माणूस बघता.

आईने मला एकदाच विचारलं. घरी, भांडी आवरताना. "म्हजे खातीर गेलीं मगो तांचीं बोटां?"

ह्यावर एकच उत्तर होतं, तुझ्यामुळे नाही, माझ्यामुळे, आणि ते मला माहीत होतं. पण मी काय केलं? मी तिला समजावायला लागले की कायटोसान म्हणजे काय, ते आंबटात कसं विरघळतं, चांदी कशी सुटते. सेमिनारमध्ये बोलते तशी. तिने सगळं ऐकून घेतलं.

"मग तें तूं म्हाका आदीं कित्याक सांगूंक ना?" ती म्हणाली.

बांधलेली असताना ओली करू नका, एवढंच मी सांगितलं होतं. सोडलेल्या पट्टीचं काय करायचं, ती का फेकायची, हे सांगायची मला गरजच वाटली नव्हती. ज्या घरात काळी पडलेली चांदी घासून पुन्हा देवापुढे ठेवतात, त्याच घरात मी वाढले. मला ते सुचायला हवं होतं. दुसऱ्या कुणालाही सुचलं नसतं तरी मला सुचायला हवं होतं.

त्यानंतर आई माझ्याशी पूर्वीसारखीच बोलायची, जेवायला वाढायची, फोनवर जेवलीस का विचारायची. फक्त बोलताना ती माझ्याकडे बघत नसे.

पुढची गोष्ट मला सगळ्यात जास्त लाजवते. मी त्यावर प्रकरण लिहिलं. पट्टी आंबट पाण्यात धुतली तर चांदी किती टिकते, ह्याची नीट चाचणी घेतली, तक्ते काढले, थर बदलला आणि आंबटातही न सुटणारा बनवला. मॅडम एकदम खूश झाल्या. "कोणीच ह्याचा विचार केला नव्हता," त्या म्हणाल्या. "तुला कुठून सुचलं गं?"

"असंच," मी म्हटलं.

मॅडमनी दुसऱ्या संस्थेबरोबर पुढच्या चाचण्या ठरवल्या, त्या रीतसर झाल्या. शोधनिबंध छापून आला. आणि मग माझी शेवटची तोंडी परीक्षा. बाहेरगावाहून परीक्षक आले होते, वयस्क, मृदू बोलणारे, मराठीच. ह्या परीक्षेला घरच्यांना येता येतं. आईबाबा शेवटच्या रांगेत बसले. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. पायात तो खास बूट, ज्याच्या पुढच्या भागात कापूस भरावा लागतो. काठी त्यांनी खुर्चीखाली सरकवली होती, दिसू नये म्हणून.

परीक्षकांनी सगळं बारकाईने विचारलं. शेवटी म्हणाले, "हे कापड प्रत्यक्ष माणसाच्या जखमेवर कधी वापरून बघितलंय का?"

मी शेवटच्या रांगेकडे बघितलं. बाबांनी मान हलवली. अगदी थोडी, नाही म्हणून.

"नाही सर," मी म्हटलं. "अजून नाही."

टाळ्या वाजल्या. मॅडमनी मिठी मारली. मला डॉक्टर म्हणून पहिली हाक त्यांनीच मारली. बाहेरच्या व्हरांड्यात चहा ठेवला होता. आईने म्हापशाहून पेढे आणले होते, तो डबा मी हातात घेऊन फिरत होते. परीक्षक बाबांपाशी आले, त्यांचं अभिनंदन केलं, त्यांना नीट उभं राहता येत नाही हे बघून स्वतःच एक खुर्ची ओढून दिली. भला माणूस. मग त्यांनी आपुलकीने विचारलं, "पायाला काय झालं?"

"गावठी वखद लायललंय सायबा," बाबा हसून म्हणाले. "अडाणी माणूस आमी." आता त्यांना ते पाठ झालं होतं. हसायचं कुठे तेही ठरलेलं होतं.

परीक्षकांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "बघितलंत? म्हणूनच तुमचं काम इतकं गरजेचं आहे. पुढे कुठे बोलायला उभ्या राहाल तेव्हा वडिलांची ही गोष्ट जरूर सांगा. लोकांना लगेच पटेल."

बाबा माझ्याकडे अभिमानाने बघत होते. आईही बघत होती. कित्येक महिन्यांनी ती माझ्या डोळ्यांत सरळ बघत होती आणि वाट बघत होती.

मी डब्याचं झाकण काढलं आणि म्हटलं, "सर, पेढा घ्या."